नंबर सांगा, पुढे सरका

हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या मॉलमध्ये चप्पल घ्या, काउंटरवर पैशांआधी मोबाइल नंबर मागतात. संध्याकाळपासून प्लॉटवाले, कर्जवाले, कोचिंगवाले नावानिशी ख्यालीखुशाली विचारू लागतात. घाबरू नका, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे! तो २०२३ साली संमत झाला. नियम यायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला आणि कंपन्यांना तयारीसाठी आणखी १८ महिने मिळाले. चोर आणि फोनवाले मात्र तयारीनिशीच येतात. ग्राहकांची माहिती नीट सांभाळली नाही, तर दंड २५० कोटींपर्यंत. तो जाणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली, त्याच्या भरपाईची या कायद्यात सोय नाही. उलट त्यानं खोटी तक्रार केली, तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड. ग्राहक राजा खराच. खजिना तेवढा दुसऱ्याचा.