कितवी आलीस?

निकाल लागला की मराठी घरात दोन प्रश्न ठरलेले. किती पडले आणि कितवी आलीस. पहिल्याचं उत्तर पडेल आलं तरी दुसऱ्याने लाज राखता येते : पेपरच अवघड होता हो, पहिला आलेलाच बासष्टावर अडकलाय. आमच्या भाऊची नात अमेरिकेत लॉ करते. जानेवारीत पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड आले, रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला आणि भाऊने दोन्ही प्रश्न एका दमात विचारले.

"तीन ए मायनस, एक बी प्लस."

"बरं. आणि कितवी?"

"आबा, कॉलेज नंबर सांगत नाही."

भाऊ बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झालेला. शाखेत तपासणीला गेल्यावर "साहेब, तिजोरीची किल्ली सापडत नाहीये" असं ऐकलं की त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसाच झाला.

"म्हणजे लपवतात?"

"लपवत नाहीत हो. सगळं कर्व्हवर असतं."

भाऊला 'कर्वे रोडवर' ऐकू आलं. फारसं चुकलं नाही त्याचं. आपला लॉ कॉलेज रोडही नळस्टॉपला कर्वे रोडलाच जाऊन मिळतो आणि नेमकी तिथेच वाहतूक तुंबते.

तर हा कर्व्ह. बहुतेक विषयांत सेमिस्टरभराचे मार्क शेवटच्या एकाच पेपरवर. पेपरवर नाव नाही, नुसता नंबर, म्हणजे सरांना कोण कोणाचं लाडकं ते कळू नये. पेपरात एक लांबलचक गोष्ट दिलेली, कोणीतरी कोणाच्या तरी अंगणात घुसलाय, कुत्रा चावलाय, करार मोडलाय, आणि त्यातल्या कायद्याच्या भानगडी हुडकून काढायच्या. इथवर छान. पण सरांनी पेपर तपासले की ग्रेड द्यायचं स्वातंत्र्य सरांना नाही. बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या वर्गाची सरासरी कुठे पडली पाहिजे हे नियमातच लिहिलेलं. नातीच्या कॉलेजात ३.३, म्हणजे बरोब्बर बी प्लस. अख्ख्या वर्गाने रात्री जागवल्या तरी सरासरी ३.३. अख्ख्या वर्गाने सिरियली बघितल्या तरी ३.३. अभ्यासाने वाढतो तो फक्त चष्म्याचा नंबर.

ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बॅकी खटल्यात मेडिकल कॉलेजातला १०० पैकी १६ राखीव जागांचा कोटा मोडीत काढला, त्याच देशात तो निकाल शिकवणारे मास्तर 'ए'चा कोटा मोजून वाटतात. तुलना ओढूनताणून केलेली आहे, कबूल. पण वर्गात ही गंमत कोणी बोलून दाखवत असेल तर त्याला 'ए' मिळो.

बड्या कॉलेजांनी यातून अंग काढून घ्यायची सोय केली आहे. येलमध्ये पहिल्या सेमिस्टरला ग्रेडच नाहीत. नंतर ऑनर्स, पास, लो पास. २००८ साली स्टॅनफर्डने आणि पाठोपाठ हार्वर्डने ए-बी-सी सोडून तोच धडा गिरवायचं ठरवलं. बर्कलीत पहिल्या वर्षाला वरच्या १० टक्क्यांना हाय ऑनर्स, पुढच्या ३० टक्क्यांना ऑनर्स, उरलेल्या ६० टक्क्यांना पास. शिकागोची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे मार्क १५५ ते १८६ या पट्टीत आणि वर्गाचा मध्य १७७. हे ऐकून भाऊने विचारलं, "उपाशीपोटी की जेवल्यावर?"

यातली बहुतेक कॉलेजं शपथेवर सांगतात की आम्ही नंबर काढत नाही. पोरांवर ताण नको म्हणून. आणि पदवीदानाच्या दिवशी हार्वर्ड वरच्या १० टक्क्यांना 'माग्ना कुम लाउडे' आणि पुढच्या ३० टक्क्यांना नुसतं 'कुम लाउडे' देऊन मोकळं होतं. मराठीत जे बोलायची लाज वाटते ते आपण इंग्रजीत बोलतो; त्यांनी त्या कामाला लॅटिन ठेवली आहे. अनेक कॉलेजांत वरच्या १० टक्क्यांसाठी 'ऑर्डर ऑफ द कॉइफ' नावाचा मान असतो. कॉइफ म्हणजे जुन्या इंग्रज वकिलांची पांढरी टोपी. नंबर सांगणार नाही, टोपी तेवढी घालू.

आता एवढी गुप्तता असल्यावर नंबरची पंचाईत करायची कशाला? तर पैशासाठी. न्यूयॉर्कच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये नव्या कोऱ्या वकिलाला वर्षाला २,२५,००० डॉलर पगार मिळतो. त्या फर्म पोरं निवडतात ती मुख्यतः पहिल्या वर्षाच्या ग्रेडवर, पुढच्या दोन वर्षांत तुम्ही काय शिकाल याची वाट न बघता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. ही सव्वादोन लाखांची, तीही डॉलरमध्ये. मग मुठीत काय आहे हे ज्याचं तो चाचपून बघतो. कॉलेज नंबर देत नाही म्हणून फर्मवाले अंदाज बांधतात, फर्मवाले अंदाज बांधतात म्हणून पोरं बांधतात, आणि कायदा शिकायला आलेली मंडळी पहिल्या जानेवारीत फुकटात स्टॅटिस्टिक्स शिकून बसतात. गणित नको म्हणून लॉला आलेलीही.

भाऊ तर मुळातच स्टॅटिस्टिक्सचा बी.एस्सी. पन्नास वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. माळ्यावरून कोष्टकांचं जुनं पुस्तक उतरलं, त्यातून एक झुरळ उतरलं, आणि कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानामागे हिशेब सुरू झाला.

ए मायनस म्हणजे ३.७, बी प्लस ३.३. तीन नि एक, भागिले चार : ३.६. वर्गाची सरासरी ३.३. वर्ग २०० जणांचा. एका विषयातले ग्रेड सरासरीच्या आजूबाजूला साधारण ०.४ ने पसरतात, असं भाऊने धरलं. (कशावरून, असं मी विचारलं. "धरलंय म्हटलं ना," असं उत्तर आलं.) आता खरी गंमत. जर चारही विषयांत तीच ती पोरं पुढे नि तीच ती मागे असतील, तर चारांची सरासरीही तेवढीच पसरट राहणार. मग ३.६ म्हणजे वरून २३ टक्क्यांत, नंबर पंचेचाळिसावा. पण आज टॉर्ट्समध्ये हा पुढे, उद्या सिव्हिल प्रोसीजरमध्ये ती पुढे, असा सावळा गोंधळ असेल, तर सरासरी काढल्यावर सगळे मधोमध गर्दी करतात. पसारा निम्म्यावर येतो, ०.२. त्या गर्दीत ३.६ वाली एकदम उठून दिसते : वरून ७ टक्क्यांत, नंबर तेरावा.

म्हणजे ग्रेड तेच, वर्ग तोच, पोरगी तीच. आणि ती तेरावी आहे की पंचेचाळिसावी हे बाकीचे १९९ किती सातत्याने हुशार आहेत यावर ठरणार. एकदाच चमकण्यापेक्षा दरवेळी थोडंसंच वर राहणाऱ्याचा नंबर त्याला वाटतो त्याहून बराच वर लागतो. या एका ओळीसाठी भाऊने पान भरलं. मी त्याला म्हटलं, खरं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार. त्याने अर्धं अर्धं धरून पुन्हा केलं तर चौतीस आले. ते त्याला आवडले नाहीत. त्याने ते खोडले.

नातीने वर आणखी फोडण्या घातल्या. करारांचा विषय चार क्रेडिटचा, लीगल रायटिंग कमी क्रेडिटचं आणि त्याचा ग्रेड यायचाच आहे. वर्गाचे तुकडे पाडून सेक्शन केलेले, प्रत्येक सेक्शनचे सर वेगळे. शिवाय दुसऱ्या वर्षाला काही पोरं बदलून दुसऱ्या कॉलेजात जातात, तीही बहुतेक वरचीच, म्हणजे आपण जागेवर बसूनही नंबर वर जातो. "हे आपल्या प्रमोशनसारखं झालं," भाऊ म्हणाला, "वरचा रिटायर झाला की आपण हुशार."

या सगळ्या शास्त्राचा कळस २०१० साली लॉस एंजेलिसच्या लोयोला लॉ स्कूलने केला. नोकऱ्यांचा दुष्काळ होता. आपला कर्व्ह इतरांपेक्षा कडक आहे, पोरं मागे पडतात, असं कॉलेजच्या लक्षात आलं आणि त्यांनी मागच्या काही वर्षांत दिलेल्या प्रत्येक ग्रेडमध्ये ०.३३३ मिळवून टाकले. मागच्या तारखेने. अख्खी रांग एकेक पायरी वर सरकली. सगळ्यांची उंची वाढली, रांगेत कोण कोणाच्या मागे उभा ते तसंच राहिलं. आमच्या सोसायटीत सगळ्यांनी एकदम एकेक मजला चढवला तेव्हाही दुसऱ्या मजल्यावरच्यांना असंच बरं वाटलं होतं.

नंबर लपवण्याने ताण कमी होतो, हे मला तरी पटत नाही. आमच्या वेळी फळ्याशेजारी यादी लागायची. बघितलं, घरी गेलो, बोलणी खाल्ली, जेवलो. संपलं. इथे पोरगी रोज रात्री गेल्या वर्षी वरच्या १० टक्क्यांची रेघ कुठे पडली होती ते बघते आणि स्वतःला त्यावर ताणून मोजते. आणि या वर्गात येईपर्यंत प्रत्येकजण कुठे ना कुठे पहिलाच आलेला. त्यातले शंभर एका जानेवारीत निम्म्याच्या खाली जातात. जायलाच हवेत, मध्य म्हणतात त्यालाच.

संध्याकाळी भाऊ कट्ट्यावर गेला. विषय निघणारच होता, निघाला. कितवी आली नात? भाऊने कोष्टकाची बरी बाजू धरून सांगितलं, "तेरावी. दोनशेत."

घरी आल्यावर वहिनी उखडल्या. "तेरावी काय सांगत फिरता? पोरीचं काही शुभ बोलाल की नाही? तेरावं म्हणजे काय असतं माहीत नाही का?"

भाऊने कालनिर्णयचं पान पुन्हा काढलं, पेन्सिलीने १३ खोडून १४ केलं आणि फोन लावला.

"बाळा, तू चौदावी आलीस."

"आबा, हे कसं काढलंत?"

"कर्व्ह," भाऊ म्हणाला.