बोळाच्या मापाची गाडी

बुधवार पेठेत गाडी घ्यायची ठरली की आधी बजेट काढत नाहीत, टेप काढतात. आमचा वाडा तांबडी जोगेश्वरीच्या मागच्या अंगाला. तिथला बोळ ज्याने कोणी आखला, त्याच्या डोळ्यांसमोर फार तर पालखी असणार. त्यामुळे चार लाखांत काय बसतं हा आमच्याकडे दुसरा प्रश्न. पहिला, बोळात काय बसतं. २०१८ नंतरची स्विफ्ट १७३५ मिलिमीटर रुंद, २०१९ नंतरची वॅगन आर १६२०. ही मापं कंपन्या आरसे सोडून देतात, म्हणजे आरसे हा जणू नवऱ्याकडच्यांचा हौसेचा खर्च. फरक साडेअकरा सेंटीमीटरचा. मनात आणलं तर भरून निघेल एवढाच, पण नेमक्या तेवढ्या जागेत तळमजल्यावरच्या आजींचं तुळशीवृंदावन आहे. “तुळस हलायची नाही,” आजींनी सांगून टाकलं. स्विफ्ट यादीतून गेली.

मुळात पेठेत राहणाऱ्याला गाडी हवी कशाला, हा प्रश्न आम्हाला कोथरूडचे लोक विचारतात. प्रश्न वाजवी आहे. अप्पा बळवंत चौक चालत पाच मिनिटं, मंडई त्याच्या पुढे, आणि २०२४च्या सप्टेंबरअखेर सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट मेट्रो सुरू झाल्यापासून जमिनीखालूनही पळता येतं. (स्टेशनचं नाव आधी बुधवार पेठ होतं, आता कसबा पेठ आहे. आम्ही अजून रागावलेलो आहोत.) पण जेजुरीला मेट्रो जात नाही, गुहागरला तर नाहीच, आणि रात्री अडीच वाजता आईच्या छातीत कळ आली तर रिक्षावाला ‘तिकडे नाही जाणार’ म्हणू शकतो. पेठेतली गाडी पेठेत फिरायला नसतेच. ती पेठेतून बाहेर पडायला असते. बाकीचा वेळ ती उभी राहते, आणि गणपतीत शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता बंद झाले की दहा दिवस बहिणीच्या सोसायटीत जाऊन उभी राहते.

हे एकदा मान्य केलं की निम्मी निवड आपोआप होते. उभ्या राहणाऱ्या गाडीत नव्याचे पैसे घालू नयेत. डिझेलची तर मुळीच घेऊ नये. त्या इंजिनासाठी मोजलेले जास्तीचे पैसे वसूल व्हायला गाडी रोज पळावी लागते. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते आणि आमच्या बजेटातल्या जुन्या गाड्यांत डिकी जाते ती जातेच. कोकणातून येताना फणस कुठे ठेवायचा, याचं उत्तर त्या गाड्यांच्या मालकांकडे नसतं. राहिली साधी पेट्रोलवरची, उंच, अरुंद गाडी. उंचीचं महत्त्व मला आईने शिकवलं. ती आधी सीटवर टेकते, मग पाय आत घेते. सीट खाली असेल तर टेकणं म्हणजे पडणं होतं, आणि बाहेर यायला दोन माणसं लागतात. १९९८मध्ये सँट्रो आली तेव्हा तिच्या उंच टपाला लोक हसले होते. वर्षभराने वॅगन आर आली, तिलाही हसले. ज्यांचे गुडघे तेव्हा धड होते ते हसले. आता तेच लोक दार उघडून आधी सीटची उंची बघतात.

काकांचा आग्रह मात्र मारुती ८००चा. “अरे, तिच्यासारखी गाडी झाली नाही. १९८३ला आली तेव्हा लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे.” खरं आहे. पण २०१०च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे भारत स्टेज चार नियम ज्या १३ शहरांत लागू झाले त्यांत पुणं होतं, आणि तेव्हापासून ८०० इथे नवी मिळेनाशी झाली. म्हणजे एमएच-१२ पासिंगच्या ८००ची पंधरा वर्षं भरलेली. आता फेरनोंदणी, पर्यावरण कर, आणि नोंदणी मिळाली तरी पाच वर्षांपुरती. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “माझीही मुदत तेवढीच आहे.” यावर पुतण्याने काय बोलावं? धाकट्या मामांनी मग इंडिकाचं नाव काढलं, आपल्या पिंपरीत बनलेली म्हणून. अभिमान अभिमानाच्या जागी ठेवून त्यांना चहा दिला.

जुनं घेण्याची लाज बुधवार पेठेला कधी नव्हती. अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीची पाठ्यपुस्तकं घेऊन आमच्या पिढ्या इंजिनियर झाल्या. तिथे नजर तयार होते. पहिल्या तीन धड्यांखाली पेन्सिलीच्या रेघा आणि पुढचं पुस्तक कोरं असेल, तर आधीचा मालक जूनमध्ये उत्साही होता आणि दिवाळीनंतर नव्हता, हे कळतं. गाडीचं सर्व्हिस बुक तसंच वाचावं. पहिल्या तीन फुकट सर्व्हिसिंगचे शिक्के ठळक आणि पुढे पांढरी पानं, तर समजून जावं. विकणारा तोंडाने काही म्हणो. आणि तो ‘सिंगल हँड, डॉक्टरची गाडी’ हेच म्हणतो. पुण्यातल्या विकाऊ गाड्या सगळ्या डॉक्टरांच्याच असतील, तर दवाखान्यात दोन-दोन तास नंबर का लावावा लागतो, हे मला उमगत नाही.

मीटरवरच्या आकड्यापेक्षा पायाखालचं रबर खरं बोलतं. मीटर तीस हजार सांगतं आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, तर दोघांतलं एक खोटं आहे, आणि रबराला खोटं बोलता येत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बेताने चाललेल्या गाडीचे टायर जाडजूड दिसतात, पण सहा-सात वर्षांत आतून कडक होतात. म्हणून ‘गाडी चाललीच नाही’ ही नेहमी चांगली बातमी नसते. बघायला जाल तेव्हा बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी ती मुद्दाम सुरू करून ठेवली आहे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं बोलतं, तेच तर ऐकायचं असतं. आणि सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघा. २०१९च्या सप्टेंबरात आंबिल ओढा घराघरांत शिरला, २०२४च्या जुलैत एकतानगरी पाण्यात गेली. सीट धुता येते, कार्पेट बदलता येतं, पण बेल्टच्या आतल्या वळीवर गाळाची रेघ राहून जाते. आमचे गॅरेजवाले आधी बेल्ट ओढतात, मग मालकाच्या चेहऱ्याकडे बघतात. “साहेब, पुढची बघू,” एवढंच म्हणतात.

भाव करायला पितृपंधरवड्यासारखा काळ नाही. पेठेतलं कोणी तेव्हा खरेदीला बाहेर पडत नाही, आणि विकणारा दसऱ्यापर्यंत हप्ता भरत बसायला कंटाळलेला असतो. आईला हे पटेना. मी म्हटलं, व्यवहार आत्ता ठरवू, ताबा घटस्थापनेला घेऊ. पूर्वजांची आणि गाडीची गाठ पडणार नाही. विकणारा फारच ताणत असेल तर त्याला आठवण द्यावी की २०२५च्या घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबरपासून, नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आहे. नवी उतरली की जुनीलाही उतरावं लागतं. हे वाक्य शांतपणे म्हणायचं आणि चहाचा कप उचलायचा.

कागदांत मात्र भिडस्तपणा नको. बँकेचा बोजा उतरलेला हवा, नुसतं ‘हप्ते संपलेत’ चालत नाही. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या, ई-चलन शून्य, पीयूसी, विमा आपल्या नावावर. नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोणी ‘नाव नंतर लावा, घाई काय’ म्हणालं, तर संगम पुलाशी, आरटीओत, त्याच्यासकट जाऊन यावं.

पांढरी वॅगन आर आली. बोळातून आत जाताना आजी तुळशीशी उभ्या होत्या. आरसे मिटल्यावर निघाली नीट.

तुम्ही घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी डिकी उघडून स्टेपनी, जॅक आणि पाना मोजून घ्या. विकणाऱ्याच्या हातून जॅक हमखास घरी राहतो, आणि मागायला गेलं तर तो गाडीत नव्हताच असं ऐकावं लागतं. राहिलाच, तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात दुसरा मिळतो. तिथे मात्र घासाघीस केल्याशिवाय घेऊ नका.