रस्ता पाठ आहे!

मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक कोकणी घराण्यात असे एक काका असतातच. मुंबई-गोवा रस्ता त्यांना पाठ असतो. हवामान खात्याने रायगड-रत्नागिरीला रेड अलर्ट दिला, म्हणजे चोवीस तासांत 204 मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता सांगितली, की काका खुशीत येतात. “बरं झालं, रस्ता मोकळा मिळेल!”

चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. वळणं सरकली, पूल आले, खड्डे तर दर पावसाळ्यात नवे. काकांचं पाठांतर मात्र जुन्या अभ्यासक्रमाचं.

वडखळ सुटतं आणि आभाळ फाटतं. वीज चमकेल तेवढाच रस्ता दिसतो. काका चारही इंडिकेटर लावतात. ते खरं तर उभ्या गाडीसाठी. चालत्या गाडीवर लावले की ती कुठे वळणार, हे मागच्याला कळत नाही. काकांच्या बाबतीत ते एरवीही कळत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग काच धुरकटते. “एसी लाव रे” म्हटलं तर “गाडी ओढत नाही” हे उत्तर ठरलेलं. काका खिशातली तंबाखू काढून काचेवर चोळतात. पुतण्या गुपचूप एसीचं बटण दाबतो. कोरड्या हवेने काच मिनिटभरात लख्ख होते आणि पुढे खेडपर्यंत तंबाखूचे गुण ऐकावे लागतात.

कोलाडच्या पुढे रस्त्यावर पाणी. समोरून एसटी आरपार जाते. “एसटी गेली ना? मग झालं!” पुतण्या समजावतो, की एसटी उंच, आपल्या इंजिनात पाणी शिरलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फसुद्धा मारायचा नसतो. काका म्हणतात, “माझा चुलता एसटीत ड्रायव्हर होता.” यावर विज्ञान गप्प बसतं. काकू तेवढ्यात घावण्यांचा डबा उघडतात. गाडी बाजूला लागते. भूक हा एकच सिग्नल काका पाळतात.

महाडला सावित्रीच्या पुलावर मात्र ते एसटीचं नाव काढत नाहीत. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या घेऊन. नवा पूल 2017 च्या जूनमध्ये खुला झाला. काका गाणी बंद करतात. काकू नदीत नाणं टाकायला काच खाली करतात आणि निम्मा पाऊस मागच्या सीटवर येतो. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

कशेडीचा बोगदा झाल्यापासून काका जरा खचलेत. घाटातली वळणं डोळे मिटून घ्यायची त्यांची ख्याती होती. बोगद्यात कोरड्या काचेवर वायपर कुईकुई करत राहतात. काका ते बंद करत नाहीत.

गावी पोचायला चौदा तास लागतात. ओटीवर भाऊ कंदील घेऊन उभा. “वाटेत पाऊस लागला का रे?”

“छे!” काका शर्ट पिळत म्हणतात. “पनवेलला जरा भुरभुर होती.”