फाट्यावरच्या हवेचा अंदाज कसा वर्तवावा

जालना–जिंतूर रस्त्यावरून सेलूकडे जिथे वळतात, त्या देवगाव फाट्यावर हवेचा अंदाज वर्तवायला पदवी, प्रयोगशाळा किंवा तहसीलचा दाखला लागत नाही. नाक, डोळे आणि हॉटेलच्या बाकावर बसण्याइतका मोकळा वेळ एवढे भांडवल पुरते. तिसऱ्या गोष्टीचा फाट्यावर कधीच तुटवडा नसतो. पुढील सूचना क्रमाने पाळाव्यात.

१. आधी मोबाइल पाहावा

हवा मोजणारे सरकारी केंद्र फाट्यावर नाही. तरीही मोबाइल उघडला की फाट्याच्या नावासमोर आकडा हजर असतो. तो कुठून आला हे विचारण्याची पद्धत नाही. पण अभ्यासकाने माहीत करून घ्यावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत परभणी आणि जालना आहेत, फाटा त्यांच्या अधेमधे पडतो. मधली जागा उपग्रह आणि संगणकी प्रारूपे भरून काढतात. युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या जागतिक प्रारूपात एकेक चौकोन सुमारे ४० किलोमीटरचा असतो. एवढ्या चौकोनात जिनिंगचा धुरळा, पेटलेला बांध आणि तलावाकाठची स्वच्छ हवा यांची बेरीज होऊन सगळ्यांना सारखे वाटप होते.

२. आकड्याचा अर्थ लावावा

राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला. तो ठरवताना आठ प्रदूषके विचारात घेतात. त्यांतले जे सर्वांत वाईट, त्याचाच आकडा एकूण आकडा म्हणून लागतो. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अतिशय खराब आणि त्यापुढे गंभीर.

धूलिकणांचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर निघतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. समजा, २० तास हवेत दर घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण होते आणि संध्याकाळी पाचट पेटल्यावर चार तास २५० होते. सरासरी येते ७५ मायक्रोग्रॅम, ती निर्देशांकाच्या मोजपट्टीवर आणली की हवा ‘मध्यम’. त्या चार तासांत खोकून बेजार झालेल्या म्हाताऱ्या माणसाला ही सरासरी समजावून सांगावी. त्याने उलट काही सुनावल्यास ते नोंदवहीत लिहू नये.

३. साधने जमवावीत

एक पांढरा सदरा, एक दस्ती आणि हॉटेलचे टेबल. सदरा सकाळी घालून संध्याकाळी कॉलरची आतली बाजू तपासावी. दस्तीने नाक पुसून रंग पाहावा: मातकट आला तर रस्त्याचा फुफाटा, काळा आला तर डिझेल किंवा जाळ. टेबलावरून बोट फिरवावे. मात्र पोऱ्याने फडके नुकतेच मारलेले असल्यास निरीक्षण बाद धरावे, आणि फडक्याचाच रंग पाहिला असल्यास चहा सांगण्याचा फेरविचार करावा. कढईतल्या भज्यांचा धूर हिशेबात धरू नये, तो स्थानिक गरज म्हणून वगळण्यात येतो.

या साधनांनी जाड धूळ कळते. अडीच मायक्रॉनचे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याइतके बारीक असतात. ते दस्तीत अडकत नाहीत आणि थेट फुप्फुसात उतरतात. त्यांच्यासाठी नाकापेक्षा धुराची चाल पाहणे उपयोगी.

४. धुराची चाल पाहावी

उत्तम वेळ हिवाळ्यातली दिवेलागण. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन झपाट्याने गार होते. जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार हवा असा थर बसतो. चुलीचा धूर थोडा वर चढून आडवा पसरला, तर झाकण बसले असे समजावे: रात्री जे काही जळेल ते सकाळपर्यंत इथेच राहील. ऊन तापून हवा वरखाली होऊ लागली की झाकण उघडते. त्यामुळे दुपारी बारा वाजता आभाळ स्वच्छ पाहून समाधान मानणारा अभ्यासक कच्चा समजावा. पहाटेचा पांढरा पडदा धुई की धूर हे वासावरून ठरवावे. धुईने घसा खवखवत नाही.

५. वर्षाचा अंदाज पाठ करावा

जून ते सप्टेंबर: पाऊस कण धुऊन काढतो, अंदाजकाराला काम नसते. ऑक्टोबर: सोयाबीनची मळणी, भुसकटाची धूळ, पुढे दिवाळीचे फटाके. नोव्हेंबरपासून: कापसाच्या गाड्या, जिनिंग, उसाचे ट्रॅक्टर आणि बसलेले झाकण. जानेवारीपासून: गुलाबी बोंडअळी मोडण्यासाठी कृषी विभाग पऱ्हाट्या शेताबाहेर काढायला सांगतो, ‘काढा’ याचा अर्थ बांधावर ‘पेटवा’ असा लावला जातो. एप्रिल–मे: वावटळ आणि फुफाटा. हे तोंडपाठ असल्यास अंदाज चुकण्याचा संभव फार कमी.

६. अंदाज जाहीर करावा

तो फाट्यावर उभ्यानेच सांगावा. कारण सांगताना दिल्लीचा उल्लेख अवश्य करावा, म्हणजे ऐकणाऱ्याला आपले बरे चालले आहे असे वाटते. जाळ कोणाचा, असे विचारल्यास तो नेहमी शेजारच्या गट नंबरातला असतो.

७. अंदाजानंतर काय करावे

या पायरीपर्यंत फारसे कोणी येत नाही, म्हणून ती थोडक्यात. दस्तीऐवजी एन-९५ मुखपट्टी वापरावी. झाकण बसलेल्या संध्याकाळी लहान मुले आणि दमेकरी यांना धुरापासून दूर ठेवावे. कच्च्या रस्त्यावर पाणी मारावे, मुरूम-वाळूच्या गाडीवर ताडपत्री बांधावी. पऱ्हाट्यांची यंत्राने कुट्टी करावी, पाचट सरीत कुजवावे. जाळल्यास त्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो आणि पुढच्या हंगामात तोच पोत्यांतून विकत आणावा लागतो.

अंदाज वर्तवल्याने हवा सुधारल्याचे एकही उदाहरण नाही. बांधावर काडी ओढायची की नाही, हे मात्र ज्याच्या हातात काडीपेटी आहे त्याला कोणत्याही आकड्याशिवाय ठरवता येते.