घारीला तिळगूळ

नातवाच्या बोरन्हाणासाठी हलव्याचा मुकुट ओवत बसले होते, तर गॅलरीत घार कोसळली. पंखात नायलॉनचा मांजा. २०१७ साली हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. तेव्हापासून दुकानदार तो हळू आवाजात विकतात. मांजा न ओढता घारीला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवलं. शेजारच्या काकू दूधपोळी घेऊन हजर! शिकारी पक्ष्याला संक्रांतीचं वाण म्हणायचं. वरच्या मजल्यावरचे चिरंजीव फिरकी काखेत मारूनच ‘बिच्चारी!’ म्हणाले, फोटो काढला, तिळगूळ उचलला आणि गच्चीवर पळाले. रानपक्षी घरी ठेवणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा, म्हणून मी १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन केला. माणसं येऊन घार घेऊन गेली. मुकुट अजून अर्धाच आहे, दोरा संपलाय.