व्हिला आहे, पियानो कुठाय?

युरोपात एखाद्या उमरावाच्या जुन्या व्हिलात पियानोच्या साथीने गाण्याची मैफल रंगते. श्रोते मोजके, खोकलाही दोन गाण्यांच्या मधल्या जागेत.

ठाण्यात हे सहज जमेल. घोडबंदर रस्त्यावर व्हिलांना तोटा नाही. फक्त त्या तिसाव्या मजल्यावर असतात. जुना बंगला पाडून टॉवर उभा राहिला, की इतिहास पाटीवर येतो आणि अंगण माहितीपत्रकात.

अडचण पियानोची. साधा उभा पियानोही दोनशे किलोच्या घरात. फ्रिज लिफ्टमधून नेला तरी सोसायटीचे सेक्रेटरी नियमावली काढतात.

शिवाय पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग पक्के ठोकलेले. त्यातून मींड निघणार कशी? याच गुन्ह्यासाठी आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके बिचाऱ्या पेटीला दाराबाहेर ठेवले होते. ती मात्र काखोटीला मारून लोकलने आणता येते, म्हणून टिकली.

तेव्हा व्हिलाविना चालवावे लागते. कल्याण गायन समाज 1926 पासून गाणे सांभाळतो आहे, ठाण्यात पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत समारोह होतो आणि 1978 मध्ये उभे राहिलेले गडकरी रंगायतन आहेच. तिथले रसिकही शिस्तीचे. मध्यंतरात वडा, विलंबितात मोबाइलची रिंग आणि द्रुतात घड्याळाकडे नजर. भैरवी कधी घ्यायची, हे गायक ठरवत नाही. कसाऱ्याची शेवटची लोकल ठरवते.