फुग्याचं वेळापत्रक

पाठ्यपुस्तकात प्रयोग कधी फसत नाही. कृती, निरीक्षण, अनुमान अशी तीन शीर्षकं, आणि तिसऱ्याच्या शेवटी कार्बन डायऑक्साइड हजर! वर्गात मात्र चौथं शीर्षक लागतं : सारवासारव. त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

किण्वनाचा प्रयोग म्हणजे खरं तर पोरखेळ. बाटलीत कोमट पाणी, साखर आणि यीस्ट, तोंडाला फुगा. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, फुगा फुगतो. ऑक्सिजनविना चालणाऱ्या या श्वसनाला पुस्तकी नाव विनॉक्सिश्वसन. पण तास 35 मिनिटांचा, आणि यीस्टला घंटा कळत नाही. कोमट पाण्याने जे होतं ते गरम पाण्याने झटपट होईल, या हिशेबाने मी चहासाठी ठेवलेलं वाफाळतं आधणच बाटलीत ओतलं. यीस्ट जागच्या जागी गेलं. फुगा मान टाकून लोंबत राहिला.

जर्मनीच्या एदुआर्द बुखनेरने 1897 साली यीस्टच्या पेशी वाळूत खलून फोडल्या, नुसत्या रसाने साखर आंबवून दाखवली आणि 1907 साली रसायनशास्त्राचं नोबेल पटकावलं. त्याने पेशी फोडल्या, पण आतली विकरं सांभाळली. मी दोन्ही शिजवली.

दुसरी बाटली नीट कोमट पाण्यात लावली आणि ती रंगात येईपर्यंत चुन्याची निवळी पुढे घेतली. नळीने फुंकलं, निवळी दुधाळ! टाळ्या पडल्या. टाळी पडली की एक्झिट घ्यावी, हे नाटकवाल्यांना कळतं. मी फुंकतच राहिलो. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, परत पाणी झालं!" कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की दुधाळ कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं, हे समजावून सांगायला अंगात श्वास नव्हता. पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीत निरीक्षण नोंदवलं : 'काहीही बदल नाही.'

तेवढ्यात घंटा झाली. बाटली टेबलावरच राहिली. पुढचा तास मराठीचा. बाई फळ्याकडे तोंड करून अतिशयोक्ती अलंकाराची उदाहरणं लिहीत होत्या, आणि त्यांच्या पाठीमागे फुग्याच्या सुरकुत्या एकेक करून उलगडत होत्या. मग तो आडवा झाला, मग तिरका, मग ताठ उभा. वर्ग खिदळला.

बाई गर्रकन वळल्या. "हा काय प्रकार आहे?"

"बाई, विनॉक्सिश्वसन!" अख्खा वर्ग एका सुरात. माझ्या तासाला हा शब्द एकाच्याही जिभेवर धड टिकला नव्हता.

पुढे घटक चाचणीत मी विचारलं, किण्वनासाठी काय काय लागतं? एका पठ्ठ्याने लिहिलं : 'साखर, यीस्ट, कोमट पाणी आणि मराठीच्या बाई.'

गुण कापायला मला जागाच सापडली नाही.